सदर, सदरहू आणि पाणवठ्यावरून परतलेला ‘सादर’

म्हापशाचे एक तरुण वकील विचारतात: ‘वकिलांच्या मासिकासाठी मुंडकार कायद्यावर मराठीत लेख लिहिला. संपादकांनी त्यातल्या प्रत्येक “सदर”भोवती लाल गोल काढून तो परत पाठवला. “सदर” चूक आहे का? त्याजागी “सदरहू” लिहू का?’ सोबत त्यांनी लेखाचा पहिला परिच्छेदही पाठवला आहे. (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणारा, भाटकार म्हणजे त्या जमिनीचा मालक.)

‘सदर’ आणि ‘सदरहू’ यांच्या अर्थात काडीचा फरक नाही. दोन्हींचा अर्थ ‘वर सांगितलेला’. आता तुमचं पहिलंच वाक्य वाचा: ‘सदर लेखात मुंडकारांच्या हक्कांचा ऊहापोह केला आहे.’ वर काय सांगितलंय? वर फक्त तुमचं नाव आहे! ‘सदर’ म्हणजे ‘हा’ असं समजून तो कुठंही ठोकून देण्याची ही खोड मी पंचायतीच्या नोटिशीपासून लग्नपत्रिकेपर्यंत रोज पाहतो आणि रोज चिडतो. संपादकांचं बरोबर आहे.

मूळ शब्द अरबी, ‘सद्र’, म्हणजे छाती. छाती म्हणजे शरीराचा पुढचा भाग, त्यावरून पुढची, मानाची जागा. वाड्याची सदर ती हीच. 1772 मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेली सदर दिवाणी अदालतही मानानं पुढची, म्हणूनच सदर. मजकुराचा वरचा भाग तो त्याचा सदर, आणि त्या भागात ज्याचा उल्लेख झाला तो ‘सदर इसम’. वर्तमानपत्रातलं सदरही याच घरातलं. छातीवर चढतो तो सदराही मी याच कुळातला मानतो. पारशांच्या सुद्र्याची, म्हणजे अंगात घालायच्या त्यांच्या पवित्र सदऱ्याची, ‘सूद’ म्हणजे लाभ आणि ‘राह’ म्हणजे वाट अशी फोड करणारे आहेत. ती फोड भक्तीची आहे, व्युत्पत्तीची नव्हे.

तुमचं दुसरं वाक्य: ‘सदर मुंडकाराने सदर भाटकाराविरुद्ध सदर घराबाबत सदर अर्ज मामलेदारांसमोर सादर केला.’ मुंडकार एक, भाटकार एक, घर एक. गोंधळ होणार कुणाचा? ‘मुंडकाराने घरासाठी भाटकाराविरुद्ध मामलेदारांकडे अर्ज केला.’ झालं. वाचणारे वकीलच आहेत. 1975 चा कायदा त्यांना ठाऊक आहे, पण दिवसभर कोर्टात बसून आल्यावर त्यांना घरी पुन्हा दस्तऐवज वाचायचा नाही. दस्तऐवजात ‘सदर’ लागतो, कारण त्यात पळवाट शोधणारा समोर बसलेला असतो. लेखाचा वाचक पळवाट शोधत नाही, तुमचं म्हणणं शोधतो.

आपल्या गोव्यात हा रोग अंमळ जास्त का, याबद्दल माझं एक ठाम मत आहे. आपले वकील अजून पोर्तुगीज काळातली कागदपत्रं चाळतात. 1867 चा नागरी कायदा इथं 1870 मध्ये लागू झाला, आणि वारसाहक्काची जुनी प्रकरणं आजही त्याच्याशीच येऊन भिडतात. त्या कागदांत पानोपानी ‘दितु’ भेटतो, म्हणजे ‘उक्त’. त्या ‘दितु’चा मराठी अवतार म्हणून आपण ‘सदर’ लिहीत गेलो. हा ‘दितु’ आणि आपण बोलताना वापरतो तो ‘डिट्टो’ हे दोघं एकाच लॅटिन शब्दाची नातवंडं.

पण तुमच्या वाक्यातला खरा ऐवज शेवटी आहे: ‘सादर केला’. भाषाशुद्धीवाले ‘सदर’ दिसला की यावनी म्हणून हाकलतात आणि ‘सादर’ला मात्र स + आदर म्हणून पाटावर बसवतात. मराठीचे अध्यापक म्हणवणाऱ्यांनीही मला हे ठासून सांगितलं आहे. मग त्यांनी एवढंच सांगावं: मराठेशाहीच्या पत्रांत ‘तुम्हांस आज्ञापत्र सादर केले असे’ असं येतं, तेव्हा छत्रपती हाताखालच्या हवालदाराला आज्ञा काय आदरपूर्वक अर्पण करत होते? हुकूम वरून खाली येतो. तिथला ‘सादर’ म्हणजे अरबी ‘सादिर’, निघालेला, सुटलेला. तो ‘सद्र’चा सख्खा भाऊ, दोघांचा धातू एकच. ‘सादर प्रणाम’ संस्कृत, कबूल. कचेरीतला ‘सादर’ नव्हे. हुकमासोबत वरून खाली येणारा शब्द पुढं अर्जासोबत खालून वर जाऊ लागला, आणि तसा उलटा चालू लागल्यावरच त्याला कुणीतरी आदराचं उपरणं पांघरलं.

आणि त्या धातूचा मुळातला अर्थ काय? उंटांनी पाणी पिऊन पाणवठ्यावरून परतणं! पाण्यावर येणं ते ‘वुरूद’, पाण्यावरून निघणं ते ‘सुदूर’. आजही अरबी कचेरीत येणारं टपाल ‘वारिद’ आणि जाणारं ‘सादिर’. आपल्या कारकुनाच्या टेबलावर आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात ना? वाळवंटात त्यांची नावं एका विहिरीनं ठेवली. म्हापसा न्यायालयात तुम्ही अर्ज सादर करता तेव्हा एक तहान भागलेला उंट विहिरीकडे पाठ करून निघालेला असतो.

हे छापल्यावर कुणीतरी लिहील की मग हुकमापुरतं ‘सादर’ऐवजी ‘जारी’ म्हणू या, तो तरी आपला. जारी म्हणजे वाहता. तोही अरबीच, आणि तोही पाण्याचाच.