शोफार ऐकू आला, पुढे काय?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद आणि शालोम.

तुझं पत्र पोचलं. पहाटे धड झोप नाही, धड जाग नाही अशा वेळी तुला शोफार, आपलं ज्यूंचं मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, ऐकू येतो. आधी एक लांब सूर, मग तुटक. उठून बसलीस की घर शांत असतं. त्यावर तू तीन प्रश्न विचारलेस: देव मला बोलावतोय का, नोकरी सोडून इस्राएलला जाऊ का, आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, येण्याची ही खूण आहे का. इतकं ओझं त्या एका आवाजावर टाकू नकोस.

आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये. हसू नकोस. रंबाम, आपले मध्ययुगातले थोर धर्मशास्त्री, स्वतः वैद्य होते आणि त्यांनीही तुला हेच सांगितलं असतं. नव्या वर्षाआधीचा एलूल महिना चालू आहे, सेलिहोथच्या क्षमाप्रार्थनांसाठी तू अंधारात उठतेस, रात्री उशिरा झोपतेस. झोप लागताना किंवा मोडताना आवाज ऐकू येणं हे पुष्कळ निरोगी माणसांच्या बाबतीत घडतं. कुणाला दाराची बेल ऐकू येते, कुणाला आपलंच नाव. महिनाभर मनात शोफार घोळत असेल तर तुला शोफारच ऐकू येणार. एवढ्याने तुझा अनुभव खोटा ठरतो असं मात्र मी म्हणत नाही. आपला पूर्वज याकोब, त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी झोपेतच दिसली होती. मला एवढंच म्हणायचंय की आवाज कुठून आला हे ठरवण्यात तू सगळी शक्ती घालवते आहेस आणि आपल्या परंपरेला त्या प्रश्नात फारसा रसच नाही.

मिश्ना या आपल्या जुन्या नियमग्रंथातल्या रोश हाशाना (नव्याचा सण, म्हणजे आपलं नववर्ष) या भागाचा तिसरा अध्याय काढून वाच. तिथे एक विचित्र वाटणारा नियम आहे. कुणी खड्ड्यात, तळघरात किंवा मोठ्या रांजणात शोफार फुंकला, तर ऐकणाऱ्याने शोफारचा आवाज ऐकला असेल तरच त्या सणाला शोफार ऐकण्याचं त्याचं कर्तव्य पुरं झालं. प्रतिध्वनी ऐकला असेल तर नाही. शोफार खरा, फुंकणारा खरा, दिवसही तोच, तरी घुमून आलेला सूर चालत नाही. लगेच पुढे दुसरा माणूस येतो. तो सिनेगॉगच्या, आपल्या प्रार्थनाघराच्या, मागून चाललाय किंवा त्याचं घर शेजारीच आहे, आणि शोफार त्याच्या कानावर पडतो. त्याने मन तिकडे लावलं असेल तर त्याचं कर्तव्य झालं, नसेल तर नाही. दोघांनीही ऐकलं, पण एकाने मन लावलं आणि दुसऱ्याने लावलं नाही, असं मिश्ना स्पष्ट म्हणते. म्हणजे नुसतं ऐकू येणं हे अर्धंसुद्धा काम नाही.

त्याच अध्यायाच्या शेवटी आणखी एक अट आहे. ज्याच्यावर स्वतः ते कर्तव्य बंधनकारक नाही, त्याने फुंकून दुसऱ्याचं कर्तव्य पुरं होत नाही. मला हा नियम फार आवडतो. शोफार कितीही सुंदर वाजला तरी त्यामागे माझ्याइतकाच बांधलेला एक माणूस लागतो, ज्याला दम लागतो, ज्याचे ओठ सुकतात आणि ज्याचा सूर मध्येच फाटतो. अलिबागच्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये मी माझ्या परीने फुंकत आलो, म्हणून सांगतो, मेंढ्याच्या शिंगातून गोड आवाज निघत नाही. त्याला ना पत्ती, ना भोकं. ओठांची थरथर आणि पोटातली हवा, एवढ्यावर ते चालतं. तुला स्वप्नात ऐकू आलेला शोफार अगदी स्वच्छ, न अडखळणारा होता असं तू लिहिलंस, तेव्हा मला जरा शंकाच आली.

आता त्या तुटक सुरांविषयी. सिनेगॉगमध्ये आधी तेकिया होते, एक सरळ सूर. मग शेवारिम, तीन मोडलेले सूर. मग तेरुआ, निदान नऊ बारीक तुकडे, आणि शेवटी पुन्हा तेकिया. ही रचना कशी आली ठाऊक आहे? तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, फक्त तेरुआचा दिवस पाळा असं सांगितलंय, तेरुआ वाजते कशी ते सांगितलेलं नाही. तालमूद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथातल्या विद्वानांनी ते रडण्यासारखं असावं असं धरलं. पण कुणाचं रडणं? त्यांनी बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकातली सिसराची आई निवडली. सिसरा हा आपला शत्रू, इस्राएलवर चालून आलेला सेनापती. तो याएल नावाच्या बाईच्या तंबूत मरून पडलाय आणि त्याची आई खिडकीशी उभी राहून विचारतेय की त्याच्या रथाला एवढा उशीर का. वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवसांपैकी एका दिवसाचा सूर आपल्या लोकांनी शत्रूच्या आईच्या रडण्यावरून बेतला. हे मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा बराच वेळ पुस्तक पुढे सरकलं नाही.

त्यातही वाद होता. ती उसासे टाकत होती की हुंदके देत होती? निकाल लागेना, तेव्हा कैसरियाच्या रब्बी अबाहूंनी दोन्ही फुंकायचे असं ठरवलं. म्हणून आपण उसासा फुंकतो, हुंदका फुंकतो आणि दोन्ही एकत्रही फुंकतो. पुष्कळ सिनेगॉगमध्ये मिळून 100 सूर होतात, त्यांच्या मुळाशी ही खात्री नसणंच आहे. एवढ्या मोठ्या विद्वानांनी आवाजाच्या बाबतीत ‘आम्हाला नक्की माहीत नाही’ असं मानून वाट काढली. आणि तू एका आठवड्यात राजीनाम्याचा मसुदा लिहून बसलीस!

देव शोफारमधून बोलतच नाही असं म्हणायची माझी छाती नाही. सीनाय पर्वतावर शोफारचा आवाज वाढत वाढत गेला आणि तो कुणा माणसाने फुंकल्याचं तोराच्या निर्गम या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण तो अख्ख्या लोकसमुदायाने ऐकला आणि लोक इतके घाबरले की मोशेला म्हणाले, तूच आमच्याशी बोल, देवाला बोलू देऊ नकोस. आणि त्यानंतर पानं उलटलीस तर काय सापडतं? मारका बैल, उघडा टाकलेला खड्डा, शेजाऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू, यांचे नियम. पर्वतावरची गर्जना दोन पानांत गावच्या भांडणतंट्यांवर येऊन टेकते.

एलियाहू हन्नाबीचंही तसंच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याचा टापा तू पाहिलास. त्याचा रथ तिथे टेकून आकाशात गेला आणि घोड्याच्या खुणा खडकावर राहिल्या, असं आपले लोक पिढ्यान् पिढ्या मानत आलेत. नवस फेडायला जातात, मलिदा करतात, वाटून खातात आणि घरी येतात. खडकावरच्या खुणांवरून कुणी भविष्य काढत बसलेलं मी पाहिलं नाही. तोच एलिया होरेब पर्वतावर वारा, भूकंप आणि अग्नी बघून झाल्यावर एक अगदी हलका आवाज ऐकतो. त्या आवाजाने त्याला काही गुपित सांगितलं का? नाही. त्याला विचारलं, ‘एलिया, तू इथे काय करतोस?’ आणि मग परत पाठवलं, करायची कामं हातात देऊन: ह्याला अभिषेक कर, त्याला अभिषेक कर, अलिशाला तुझ्यामागे घे.

म्हणून तुझ्या आवाजाकडे मी एवढंच मागेन. तो तुला कुणाकडे पाठवतो? मोठ्या बहिणीशी दोन वर्षं बोलणं नाही, हे तुझ्याच पत्रात एका ओळीत येऊन गेलं. त्या ओळीवर तू थांबली नाहीस. मी थांबलो. रंबामने शोफार ही मुळात तोराची आज्ञा आहे असं म्हणून पुढे लिहिलंय की तिच्यात एक इशाराही आहे: झोपलेल्यांनो उठा, आपली कृत्यं तपासा. कृत्यं तपासा म्हणालाय तो, स्वप्नं तपासा नाही.

इस्राएलला जायचं तर जरूर जा. आपल्या बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, निम्म्याहून जास्त माणसं तिकडेच आहेत, कुणीही हात धरून मार्गी लावील. पण कामाचं, भाषेचं, आईचं सगळं बघून जा. तिथे जमलं नाही तर दोष शोफारला देशील, ते मला नको आहे.

स्वप्नाची धाकधूक जात नसेल तर त्यालाही जुनी सोय आहे. तालमूद सांगतो की तीन जणांना बोलाव आणि त्यांच्यासमोर म्हण, मी एक चांगलं स्वप्न पाहिलं. त्यांनी उत्तर द्यायचं, चांगलंच आहे आणि चांगलंच होवो. अर्थ सांगायला कुणाकडे जाऊ नकोस. जेरूसलेममध्ये स्वप्नांचे 24 जाणकार होते, एकाने त्या सगळ्यांना आपलं स्वप्न सांगितलं, तर प्रत्येकाने वेगळा अर्थ लावला आणि सगळे खरे ठरले, अशीही गोष्ट तिथेच आहे. आता मोबाईलवर तर जाणकारांना तोटाच नाही. आकाशातून तुतारी ऐकू आल्याचे व्हिडिओ मला पाठवू नकोस.

यंदा, 2026 मध्ये, नव्याच्या सणाचा पहिला दिवस 12 सप्टेंबरला शब्बाथवर, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, येतोय, त्यामुळे त्या दिवशी शोफार फुंकणार नाहीत. उगाच सिनेगॉगमध्ये वाट बघत बसशील म्हणून कळवतो. रविवारी 13 तारखेला ठाण्याच्या शआर हाशामायिम सिनेगॉगमध्ये वेळेवर जा. लगेच सोमवारी, 14 ला, गणेशचतुर्थी आहे, बाहेर ढोल असतील, रस्ते तुंबलेले असतील, तेव्हा घरून लवकर निघ. फुंकणारा दिसेल अशी जागा धर. आशीर्वाद म्हटल्यापासून सगळे सूर होईपर्यंत कुणाशी बोलू नकोस. सूर फाटला तर हसू नकोस, आणि तुझ्या अंगावर काटा आला नाही तरी घाबरू नकोस.

बहिणीला मात्र त्याआधी फोन कर. तिचा नंबर बदललाय, तुझ्या आईकडे आहे. मी विचारून ठेवलंय.

तुझे काका
अलिबाग