सांगलीहून चांदोली नॅशनल पार्क एका दिवसात होतं का, आणि तिथला इतिहास काय?

हो, होतं की, फक्त पहाटे निघा. शिराळा, कोकरूड, आरळा करत मणदूरला जायचं, आत फॉरेस्टची परवानगी आणि गाईड लागतो. पावसाळ्यात पार्क बंद असतं, त्यामुळं आधी वनखात्याला फोन करून घ्या.

वाघ दिसेल म्हणून जाऊ नका हो, इथं जंगल बघायचं. गवे दिसायचा चान्स बरा असतो, आणि झोळंबीचा सडा तर चुकवूच नका, नुसता जांभा दगड पसरलाय लांबच्या लांब, पावसाळा संपता संपता त्याच्या खळग्यांतल्या पाण्याच्या कडंनं बारीक बारीक फुलं आलेली असतात, तिथं जरा बसा.

इतिहासाचं म्हणाल तर प्रचितगड याच जंगलात आहे, त्याच्या खाली कोकणात शृंगारपूर, १६६१ ला महाराजांनी सुर्व्यांकडनं घेतलं ते, आणि येसूबाईंचं माहेरही तिथलंच. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो अलीकडचा इतिहास. वारणेवर धरण झालं, वसंतसागर भरला, १९८५ ला अभयारण्य, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला कोयनेसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि ह्या सगळ्यात आतली गावंच्या गावं उठली. आता रान माजलंय तिथं, घरांची जोती तेवढी दिसतात. गाईड त्या भागातला असला तर त्याला गावांबद्दल नक्की विचारा, बोर्डावर हे काही लिहिलेलं नसतं.