ओला-सुका वेगळा देऊनही पुढे सगळं एकत्रच होतं ना?

तुम्ही विचारलंय की पुण्यात आपण ओला-सुका वेगळा देतो, पण शेवटी गाडीत सगळं एकत्रच जातं, मग उपयोग काय? मलाही असंच वाटायचं. एका सकाळी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंबरोबर फीडर पॉइंटपर्यंत, म्हणजे जिथे कचरा महापालिकेच्या गाडीत भरतात तिथपर्यंत, चालत गेले, तेव्हा उलगडा झाला.

खरी वर्गवारी गाडीत चढण्याआधीच होते, आणि ती हातांनी होते. ओल्याची बादली ताई गाडीत रिकामी करतात. सुका कचरा मात्र बाजूला ओतून निवडत बसतात. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा, काच अशा वेगवेगळ्या गोण्या भरतात. भंगारच्या दुकानात प्रत्येकाचा भाव निराळा, आणि ते पैसे त्यांचे स्वतःचे. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना कुणी विचारत नाही, ती तशीच उरतात. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की तोही गेलाच. म्हणून दुधाची पिशवी विसळून द्या, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

या ताई 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या सभासद. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ सालची. तिच्यातूनच 'स्वच्छ' उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. त्याआधी कचरावेचक बायका कुंडीत उतरून हेच सगळं वेचत. त्या वेळी बहुतेकींना घरटी मिळणारं शुल्क नव्हतं.

काही ठिकाणी कचरा एकत्र होतोही, कारण तो घरातूनच तसा येतो. असा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडला. तिथल्या गावकऱ्यांनी त्याचा वास आणि नासलेलं पाणी सोसलं, गाड्या अडवल्या. त्यांचा राग मला रास्तच वाटतो.

सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे ताईंना ती पुडी उघडून बघावी लागत नाही. फुटकी काच वेगळी बांधून, सांगून हातात द्या. गेल्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीतून कुणीतरी फुटलेला ग्लास मेथीच्या काड्यांत टाकला होता. ताईंच्या तळहाताला तीन टाके पडले, आणि आठवडाभर त्यांची सून कचरा न्यायला येत होती.