फी परत हवी? आधी एलसीची नोंद शोधा

भांडुपच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. मुलाने 2024 मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात सेल्फ फायनान्स कोर्सला 46,000 रुपये भरून प्रवेश घेतला. सप्टेंबरमध्ये इंजिनीअरिंगला नंबर लागला, म्हणून ऑफिसात ‘तोंडी सांगून’ तो निघून गेला. प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज दिला 18 नोव्हेंबरला. कॉलेज म्हणते, आता काही मिळणार नाही.

अशी पत्रे दरवर्षी येतात आणि प्रत्येकात ते ‘तोंडी’ असतेच. खिडकीवरच्या क्लार्कला सांगितले की कॉलेजला कळवून झाले, असे लोकांना का वाटते कोण जाणे.

पावतीवर ‘भरलेली फी परत मिळणार नाही’ छापले आहे, त्याने घाबरू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमापुढे ते टिकणे कठीण. खरी अडचण 2018 च्या अधिसूचनेतल्या परताव्याच्या तक्त्याच्या मथळ्यात आहे: प्रवेश सोडत असल्याची सूचना संस्थेला ‘मिळाली’ ती वेळ. मुलगा वर्गात यायचा कधी थांबला, हे तिथे कुणी विचारत नाही. 2024-25 साठी यूजीसीने जादा सवलत दिली होती. 30 सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण फी परत, 31 ऑक्टोबरपर्यंत फार तर 1,000 रुपये कापून. त्यानंतर 2018 चाच तक्ता, आणि त्यात प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की शून्य. 31 ऑक्टोबरनंतर तुम्ही अठरा दिवस उशीर केलात.

मात्र पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की बारावीची मूळ एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणि मार्कशीट मुलाने 11 सप्टेंबरलाच परत नेली. अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचे! मूळ एलसी सहसा कुणी सहीशिवाय हातात देत नाही. रजिस्टरमध्ये नोंद असेल, कदाचित कारण लिहिलेली चिठ्ठीही. ती नोंद म्हणजेच कॉलेजला मिळालेली सूचना, असा युक्तिवाद करता येतो. मान्य होईलच असे नाही, पण तुमच्या हातात एवढेच आहे.

तेव्हा त्या नोंदीची प्रत प्राचार्यांकडे लेखी मागा आणि आपल्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का घ्या. या वेळी तरी. मग विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिथे दाद न मिळाल्यास यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणारा विद्यापीठाचा लोकपाल. अनामत रक्कम तर कोणत्याही तारखेला पूर्ण परत मिळते; ती वेगळी मागा.

ग्राहक आयोगाचा मोह टाळा. शिक्षणसंस्था ‘सेवा’ देत नाहीत, असे राष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये म्हटले आहे. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण 46,000 साठी आपल्या कोर्टांतल्या तारखा मोजत बसणे मी सुचवणार नाही. त्याआधी मुलाचा फोन उघडा. 31 ऑक्टोबरपूर्वी कॉलेजच्या मेलवर त्याने एक ओळ जरी पाठवली असेल, तर ती मला पाठवा.