मुलगा रग्बी खेळतो आणि तुम्ही सिडनीला यायचं म्हणताय, म्हणून

ताई,

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मिस्टरांना कंपनी सिडनी किंवा मेलबर्न, कुठंही पाठवायला तयार आहे. मुलगा तेरा वर्षांचा, पुण्यात शाळेकडून रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, खेळतो. सिडनीच्या पेन्रिथ पँथर्स क्लबचे सामने बघून बघून त्याला रग्बी लीगचं वेड लागलंय. आणि तुम्हाला एवढंच हवंय की कुठं घर घेतलं म्हणजे त्याला चांगल्या क्लबच्या अकादमीत घेतील.

व्हिसा, टॅक्स, मेडिकेअर यावर मी काही लिहीत नाही. ते सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि माझ्यापेक्षा अचूक आहे. मी लिहायला बसलो ते तुमच्या मुलाचं वय वाचून. आमचा धाकटा याच वयाचा होता तेव्हा जे घडलं, ते अजून घरात मोकळेपणी बोललं जात नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमचा मुलगा खेळतो ती युनियनची रग्बी. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर चालते तीही युनियनच. लीग हा वेगळा खेळ आहे. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमून वेगळे झाले, कारण खेळासाठी बुडालेला रोज कामगारांना भरून द्यायचा की नाही यावर भांडण होतं. लीगमध्ये तेरा खेळाडू असतात. सहा टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा धरून पाडणं, होईपर्यंत चेंडू तुमचा, मग समोरच्याचा. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागं पळायचं आणि परत पुढं यायचं. सेव्हन्समधला वेग आणि मोकळी जागा ओळखायची नजर इथं उपयोगी पडेल. पण धडक घेऊन उठणं, मागं पळणं, परत धडक, हे तासभर करायची सवय त्याला नसणार. तेराव्या वर्षी ती लागू शकते, उशीर झालेला नाही.

आता पेन्रिथ. त्यांनी २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदं जिंकली, हे तुमच्या मुलाला तोंडपाठ असेल. मला जास्त मोठं वाटतं ते २०२२ साल. त्या वर्षी मुख्य संघाच्या विजेतेपदाबरोबर राखीव संघांचा एनएसडब्ल्यू कप, एकवीस वर्षांखालचा जर्सी फ्लेग आणि एकोणीस वर्षांखालचा एसजी बॉल, हे सगळंच पेन्रिथकडे गेलं. २०११ मध्ये फिल गूल्ड तिथं कारभारी म्हणून आले आणि बाहेरून तयार खेळाडू विकत आणण्याऐवजी आपल्याच भागातली पोरं घडवायची, असं धोरण ठरलं. जरोम लुआई, ब्रायन तोओ, स्टीफन क्रायटन ही सगळी माउंट ड्रुइट आणि सेंट मेरीजच्या बाजूची पोरं. सिडनीतली पैसेवाली माणसं ज्या उपनगरांची नावं घेताना नाक मुरडतात, ती ही उपनगरं. आयझाया यिओ डबोसारख्या आतल्या गावातून आला. खालच्या वयोगटांपासून वरच्या संघाचेच डावपेच शिकवले जातात, त्यामुळे एकोणीस वर्षांचा पोरगा वर येतो तेव्हा त्याला खेळाची भाषा नव्याने शिकावी लागत नाही.

यामागं हिशेबही आहे. प्रत्येक क्लबच्या पगारखर्चावर मर्यादा असते. खेळाडू नावारूपाला आला की त्याची किंमत वाढते आणि क्लबला सगळे सांभाळता येत नाहीत. मॅट बर्टन २०२२ ला गेला, किकाऊ आणि कोरोइसाऊ २०२३ ला, क्रायटन २०२४ ला, लुआई २०२५ ला. खालून नवी फळी तयार असल्याशिवाय इतकी गळती कोणाला सोसत नाही. म्हणून इथं पोरं घडवणं हा धंद्याचा कणा आहे. आणि न्यू साउथ वेल्समध्ये या पैशाचा मोठा वाटा लीग्ज क्लबांतल्या, म्हणजे रग्बी क्लबांशी जोडलेल्या खाण्यापिण्याच्या क्लबांतल्या, जुगाराच्या मशीनमधून येतो, हेही तुम्हाला माहीत असावं. शनिवारी आपली मुलं ज्या हिरवळीवर खेळतात तिच्यामागं कुणाचा तरी हरलेला पगार असतो, हे मला आजही बोचतं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग पेन्रिथलाच राहतो. थांबा. ज्या भागात पोरं सगळ्यात जास्त, तिथं रांगही सगळ्यात लांब. शिवाय लीगमध्ये ड्राफ्ट नाही. मेलबर्नच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, अठराव्या वर्षाच्या आसपास ड्राफ्ट होतो आणि क्लब पाळीपाळीने निवड करतात. लीगनेही ड्राफ्ट आणून पाहिला होता, पण १९९१ मध्ये कोर्टाने तो रद्द ठरवला. तेव्हापासून ज्याला जो मुलगा आवडेल त्याने त्याला गाठावं आणि सही घ्यावी. साहजिकच क्लबांची माणसं पोरांपर्यंत जितक्या लवकर पोचता येईल तितकी पोचतात. शाळांच्या सामन्यांना, न्यूझीलंडला, क्वीन्सलंडच्या लहान गावांत ही माणसं फिरत असतात. हॅरोल्ड मॅथ्यूज कप हा सतरा वर्षांखालचा, तिथून पुढं एसजी बॉल. या संघांच्या निवडीला तुमचा मुलगा जाईल तेव्हा तुमच्या उपनगरातल्या पोरांबरोबरच समुद्रापलीकडून आणलेली पोरंही तिथं असतील.

आणि निवडणाऱ्याला तिथं दिसतं काय? दहाव्या ते चौदाव्या वर्षात कुणीतरी त्या पोराच्या अंगी जे बाणवलं, तेवढंच. माझं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं. तुम्ही अकादमीचा पत्ता विचारताय, तर मी तुम्हाला सांगतोय की कोपऱ्यावरच्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या संघाला कोण शिकवतं ते विचारा.

आमचा धाकटा नऊ वर्षांचा असताना इथल्या एका क्लबात जायला लागला. त्याचा पहिला प्रशिक्षक ट्रक चालवणारा टोंगन गृहस्थ होता, बिनपगारी, सगळे असतात तसा. पोरगं आमचं काटकुळं. पहिल्याच महिन्यात त्या माणसाने त्याला बाजूला घेतलं आणि एका पॅडवर, दुसऱ्या कुणालाही न धडकवता, फक्त पाय कुठं टाकायचा ते शिकवलं. समोरच्याच्या दोन पायांच्या मधोमध आपलं पुढचं पाऊल. मग खांदा मांडीवर. डोकं त्याच्या ढुंगणाच्या मागं, पुढं कधीही नाही, कारण पुढं गेलं की गुडघा कानशिलात बसतो. मग दोन्ही हात आवळून पाय चालू ठेवायचे. आठवडेच्या आठवडे तेच. लहानपणी सांगलीला मी कबड्डीत घोटा धरायला शिकलो होतो, त्यामुळे कुंपणाशी उभा राहून मला कळत होतं की हा माणूस काय देतोय. आमच्या पोराने त्यानंतर त्याच्या दुप्पट वजनाची पोरं पाडली. त्याला हुकर केलं होतं. हुकरला प्रत्येक टॅकलनंतर चेंडू उचलून ठरवावं लागतं, डावीकडे द्यायचा, उजवीकडे, की स्वतः घुसायचं. रात्री जेवताना भांडी मांडून तो मला चाली दाखवायचा.

तेराव्या वर्षापासून गुणतक्ता आणि अंतिम फेऱ्या सुरू होतात. त्याच सुमारास प्रशिक्षक बदलला. नव्या माणसाला जिंकायचं होतं, आणि त्यात गैर काही नाही. त्याने अंगाने लवकर भरलेली पोरं मध्ये घेतली आणि आमच्या पोराला विंगवर, पार कडेला, उभं केलं. 'तिथं तो सुरक्षित राहील' असं मला सांगितलं. विंगवर चांगला खेळाडू घडत नाही असं नाही, तोओ विंगचाच. पण त्या वयाच्या संघात, मधली दांडगी पोरं चेंडू घेऊन सरळ धावत असताना, कडेच्या पोरापर्यंत चेंडू येतच नाही. सबंध दोन हंगाम तो थंडीत बाह्या ओढून उभा असायचा. निर्णय घ्यायची सवय गेली, पास मंदावला. पुढं हॅरोल्ड मॅथ्यूजच्या निवडीला गेला. दंडावर मार्करने नंबर लिहिलेला. जागा विचारली तर हुकर म्हणाला, पण अर्जावर क्लबने विंग लिहिलं होतं, म्हणून विंगवर उभं केलं. यादी ईमेलने आली. नाव नव्हतं.

निवडणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनी जे दिसलं ते पाहिलं. राग त्या दोन हंगामांचा आहे. तो आता नोकरी करतो, आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर ऑझटॅग, म्हणजे धडक न घेता कमरेची पट्टी खेचायची लीग, खेळतो, हसतखेळत असतो. त्या यादीबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. मी विचारलं तर तो 'काही नाही हो बाबा' म्हणेल, आणि ते ऐकायची माझी तयारी नाही.

तुमच्या मुलाचा जन्म डिसेंबरचा आहे म्हणालात. इथं वयोगट कॅलेंडर वर्षाप्रमाणे, म्हणजे जानेवारीत जन्मलेला पोरगा त्याच गटात त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. इंग्लंडमधल्या लीगच्या निवडींवर संशोधन झालंय आणि तिथल्या वयोगटाच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली पोरं तिथं प्रमाणाबाहेर जास्त सापडतात. त्यात इथं मोठ्या लीगमधले जवळजवळ निम्मे खेळाडू पॅसिफिक बेटांच्या वंशाचे, त्यांची पोरं बऱ्याचदा लवकर भरतात. म्हणून पंधराव्या वर्षी कुणी 'अंगाने कमी पडतो' म्हणालं तर ते शेवटचं मानू नका. लीगचा पुढं गाजलेला खेळाडू जोनाथन थर्स्टन, त्याला ब्रिस्बेनमध्ये हडकुळा म्हणून क्लब घेत नव्हते. सिडनीच्या बुलडॉग्जनी संधी दिली आणि पुढं तो चार वेळा डॅली एम पदकाचा, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाचा, मानकरी झाला. त्याला घेणारं कुणीतरी निघालं, हेही लक्षात ठेवा. प्रत्येकाला निघतंच असं नाही.

मेलबर्नबद्दल थोडक्यात. ते एएफएलचं शहर आहे. मेलबर्न स्टॉर्म उत्तम क्लब, क्रेग बेलामी २००३ पासून तिथं मुख्य प्रशिक्षक आहेत आणि खेळाडू कसा घडवावा हे त्यांच्याकडून शिकावं. पण त्यांचे गाजलेले खेळाडू कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉंक तिघंही क्वीन्सलंडहून आणलेले. तिकडं लीग खेळणाऱ्या पोरांचे क्लब कमी, त्यामुळे दर शनिवारी तोडीस तोड सामना मिळायला सिडनीच बरी.

शाळेचं मात्र मी लांबण लावणार आहे, कारण ते अजून सलतं. इथं सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते, आणि काही स्पोर्ट्स हायस्कूल चाचणी घेऊन मुलं घेतात. आम्ही आपले पत्त्यावरच्या शाळेत. तिथं लीगचा एक स्पर्धेचा दिवस होता, संघाच्या नावांसाठी शिक्षकांनी वर्गात विचारलं आणि आमच्या पोराला वगळून पुढं गेले. पालकसभेत मी विषय काढला तर बाई गोड हसून म्हणाल्या, तुमची मुलं गणितात फार छान असतात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. तुमच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात क्रीडाशिक्षकांसमोर नेऊन उभं करा, तो काय खेळतो ते त्याच्याच तोंडून सांगू द्या. वाट बघू नका, इथं कुणी तुमच्या मुलाकडं पाहून रग्बीचा विचार करणार नाही.

कागदांपैकी एकच सांगतो, कारण ते कुठंही लिहिलेलं नसतं. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव आहे का ते आज कपाट उघडून बघा. आमच्याकडं नगरपालिकेचा दाखला बारशाच्या आधी काढलेला, त्यावर आईवडिलांची नावं होती, नावाचा रकाना कोरा. पासपोर्टावर वडिलांचं नाव मधे, शाळेत ते नाही. क्लबला वयाचा पुरावा लागतो, आणि तिथली फॉर्म बघणारी माणसं तुमच्यासारखीच नोकरी करून संध्याकाळी बसणारी. तीन कागदांवर तीन नावं बघून ती बिचारी गोंधळली आणि हंगामाचे पहिले सामने आमचं पोरगं जर्सी घालून कडेला बसलं. मेव्हण्याने सांगलीत किती खेटे घातले ते त्यालाच ठाऊक. तिकडं असतानाच नाव चढवून इंग्रजी दाखला घ्या.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जातो. गणपतीला माणसं भेटतात, मराठी शाळा आहे, किराणा सगळा मिळतो. त्याची फार चिंता करू नका. मैदानाच्या कडेला उभं राहाल तेव्हा थोडं जाणवेल, कारण बाकीचे आईबाप तिथंच वाढलेले असतात आणि तुमच्या मुलाचं नाव ओरडून घेणारे तुम्ही दोघंच असता. सॉसेज भाजायच्या पाळीला नाव द्या. तिथं ओळखी होतात.

मिस्टरांना सिडनी सांगा. जमलं तर जानेवारीच्या आत या, नावनोंदणी उन्हाळ्यात होते आणि सामने मार्चच्या सुमाराला सुरू होतात. घर भाड्याचं घ्या, तेही वर्षभराच्या करारावर, म्हणजे प्रशिक्षक नीट नसेल तर क्लब बदलायला घर आड येणार नाही. फी भरण्याआधी प्रशिक्षकाला भेटून विचारा की याला कुठल्या जागेवर खेळवाल, आणि मोठी पोरं आली तरी मधेच ठेवाल का. उत्तर देताना तो मुलाकडं बघतो की तुमच्याकडं, तेही बघा. तुम्ही कुठल्या बाजूला घर बघताय ते कळवा, ब्लॅकटाउन-पॅरामाटाच्या आसपासच्या क्लबांत या वयाला कोण शिकवतं ते मी शनिवारी जाऊन विचारून येतो.