यादी कपाटात ठेव, एक पुस्तक हातात घे

प्रश्न : शाळेची शेवटची परीक्षा झाली. कॉलेज सुरू व्हायला अडीच महिने आहेत, विज्ञान शाखेला जाणार आहे. आमच्या सरांनी ‘कॉलेजला जाण्याआधी वाचलीच पाहिजेत’ अशा चाळीस पुस्तकांची यादी दिली. तीन सुरू केली, एकही पंचवीस पानांच्या पुढे सरकलं नाही. वाचायला बसलो की हात फोनकडे जातो. आता ती यादी नुसती दिसली तरी दडपण येतं. काय करू?

उत्तर : यादी कपाटात ठेव. सरांनी ती प्रेमानेच दिली असणार, पण चाळीस पुस्तकांना घाईघाईने हात लावण्यापेक्षा एकच पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पेन्सिल हातात धरून वाचलंस तर कॉलेजात जास्त उपयोगी पडेल. मी पहिल्या वर्षाच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. हुशार मुलंही सुरुवातीला अडखळतात, ती नेमकी वाचनापाशी. शाळेत धडा पाच-सहा पानांचा असतो, खाली स्वाध्याय असतो आणि महत्त्वाच्या ओळींवर खुणा करून मिळतात. कॉलेजात सांगितलं जातं, ‘पुढच्या लेक्चरला दुसरं प्रकरण वाचून या.’ ते तीस-चाळीस पानांचं निघतं, आणि त्यातलं मुख्य काय, हे आपलं आपण शोधायचं असतं. ते शोधायची सवय लावायला सुट्टीसारखी वेळ नाही, कारण आत्ता मार्कांचा धाक नाही.

तू विज्ञानाचा, म्हणून तुला एकच पुस्तक सुचवते. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेची मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं. 1860-61च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने ती मुलामुलींपुढे दिली आणि 1861मध्ये विल्यम क्रुक्सने ती पुस्तकरूपात आणली. पुस्तक लहान आहे, स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळतं.

पहिल्याच व्याख्यानात तो विचारात पाडतो. मेणबत्ती पेटली की वातीभोवती वितळलेल्या मेणाची छान वाटी तयार होते. सगळीकडचं मेण का वितळत नाही? ज्योतीच्या उष्णतेने हवा वर चढते, तिच्या जागी खालून गार हवा येते. ती मेणबत्तीच्या अंगाला लागून वर जाते, म्हणून कड गार राहते आणि आतलं तेवढं वितळतं. इथे थांब. समासात स्वतःचा एक प्रश्न लिही : ‘वारा एकाच बाजूने आला तर?’ उत्तराचा अंदाज कर, मगच पुढे वाच. फॅरडेने पुढच्याच वाक्यात तेच घेतलंय : वाटी एकीकडे कलते आणि मेण ओघळतं. नक्षीदार, वेड्यावाकड्या आकाराच्या मेणबत्त्या दिसायला सुंदर असूनही नीट का जळत नाहीत, हेही तो याच धाग्याने उलगडतो. मेणबत्ती लावून समोर ठेव आणि वाच. समासातले प्रश्न चुकीचे निघाले तरी खोडू नकोस, पुढे त्यांच्याकडे परत यावंसं वाटेल.

आता बसायचं कसं? एका वेळी वीस मिनिटं पुरे. फोन सायलेंटवर टाकून शेजारी ठेवायचा नाही, दुसऱ्या खोलीत ठेवायचा. वीस मिनिटं झाली की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या पानावर आठवेल ते लिहायचं. अडलं तरी उघडून बघायचं नाही. लिहून संपलं की मग पडताळायचं. याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा समज होतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री पाठोपाठ वाचणारी मुलं पेपर बघून गोंधळतात.

फॅरडे स्वतः कॉलेजात गेलाच नाही. तो बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता आणि बांधणीला आलेली पुस्तकं वाचत होता. 1812मध्ये त्याला हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकायला मिळाली. त्याने त्यांच्या नोट्स काढल्या, त्या सविस्तर लिहून काढल्या, स्वतः बांधल्या आणि डेव्हीला पाठवल्या. 1813मध्ये त्याला डेव्हीच्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. नोट्स या अशा असतात, ऐकलेलं स्वतःच्या वाक्यांत पुन्हा उभं करणाऱ्या. फळ्याचा फोटो म्हणजे नोट्स नव्हेत.

हे पुस्तक संपलं की पुढे मनाला येईल ते वाच, कादंबरी वाच. दोनशे पानं एका जागी बसून वाचायचा दम कादंबरीनेही येतो. पुस्तक पंचवीस पानांवर सोडू नकोस, सुरुवातीला लेखक सगळी मांडणी करत असतो, त्यामुळे तो भाग जड जातोच. पन्नासनंतरही जीव रमला नाही तर खुशाल बदल.

प्रश्न : मुलीला सुट्टीतच पहिल्या वर्षाच्या गणिताचा क्लास लावावा का? बाकीच्यांनी लावलाय.

उत्तर : मागचं कच्चं असेल तर पुढचं आधी शिकून काही हाती लागत नाही. कॅल्क्युलसची गणितं चुकतात ती बहुतेकदा बीजगणितात : अपूर्णांक, घातांक, सूत्र फिरवणं. तिला रोज अर्धा तास जुन्या पुस्तकातली तीच गणितं सोडवू द्या, तीही उत्तर न बघता. क्लासची घाई करू नका. आणि ताई, निर्णय तिला घेऊ द्या.

प्रश्न : पहिल्यांदाच घर सोडून होस्टेलला जाणार आहे. विषय इतिहास. अभ्यासाची भीती नाही, एकटीने राहायची आहे. सुट्टीत काय शिकून घेऊ?

उत्तर : अभ्यासाइतकंच हेही महत्त्वाचं, तू विचारलंस ते फार बरं केलंस. आजपासून स्वतःच्या गजराने ऊठ, घरात कुणालाही उठवायला सांगू नकोस. किशोरवयात झोप उशिरा लागते, शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते असं निद्रातज्ज्ञ सांगतात. म्हणून उठायची वेळ पक्की कर, सुट्टीच्या दिवशीही तीच. कपडे धुणं, दोन-तीन पदार्थ करणं, महिन्याचा खर्च वहीत मांडणं हे घरातच शीक. एकदा तरी डॉक्टरकडे एकटी जा, कधीपासून काय होतंय, कोणती औषधं चालत नाहीत, हे तुझं तू सांग. आईला बाहेर बसव हवं तर.

इतिहासाला जाणार आहेस, तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बस. त्यांच्या तरुणपणाबद्दल विचार आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. मग तीच हकिगत दुसऱ्या कुणाकडून ऐक. दोन्ही जुळणार नाहीत. कुठे जुळत नाहीत आणि का, एवढं एका पानात लिहिलंस की पहिल्या वर्षी इतिहासाच्या साधनांची, म्हणजे जुनी कागदपत्रं, आठवणी यांची छाननी शिकवतील तेव्हा ती तू आधीच एकदा केलेली असेल.