ती भिंत पाडू नकोस

उत्खननाला पहिल्यांदाच आलायस, म्हणून सांगतो. दोन खड्ड्यांमध्ये राखलेली मातीची भिंत पाडायला हात शिवशिवतील, पाडू नकोस. थर वाचायचे ते तिच्यातच: राखेची काळी रेघ, वर पिवळसर गाळ, मग पुन्हा चुलीची भाजलेली लाल माती. एकदा खणलेलं परत तसं रचता येत नाही रे.

मोहेंजोदडोचं मोठं खोदकाम १९२० च्या दशकात झालं. कोळशाच्या तुकड्यावरून काळ सांगणारी कार्बन-१४ पद्धत आली १९४९ च्या सुमारास! म्हणून सगळं आजच खणायचं नाही, पुढे येणाऱ्या पद्धतींसाठी थोडं राखून ठेवायचं. इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन शहराचा जवळपास तिसरा हिस्सा अजून ज्वालामुखीच्या राखेखालीच ठेवलाय, आणि मला ते फार योग्य वाटतं. उघड्या पडलेल्या भिंती ऊन-पाऊस खातो.

आज निघताना खड्ड्यावर ताडपत्री नीट ओढून घे.